बंदुकीवरचं ओझं

१४ सप्टेंबर

घेतली एकदाची दुर्बीण! बंदुकीवर बसवायची. नाशिकहून यायला संध्याकाळ झाली, खोडाळ्याला उतरून पाड्यावर येईपर्यंत चिखलात चपलेचा अंगठा तुटला, पण घेतली.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. वहीत कोण ऐकतंय — येसू. तर येसूचा नेम गेल्या वर्षापासून चुकतोय. सासऱ्यांच्या वेळची रायफल, शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि सगळ्या पाड्यात हा एकटाच परवानेवाला. रानडुकरं पिकात शिरली की वनखात्याची परवानगी आणायची आणि येसूनं मारायचं, हे ठरलेलं. पण गेल्या साली जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढ्या मातीत गेल्या. लोक तोंडावर काही बोलत नाहीत. चहाला बोलवायचे तेवढे कमी झालेत.

मी सांगितलं, तुझे डोळे गेले. "असंल," म्हणाला. माझ्या उपकेंद्रातल्या डोळे तपासायच्या तक्त्यासमोर उभा केला तर खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली! म्हटलं पाठ झाली असेल, नर्सचा नवरा ना. चष्मा लाव म्हटलं तर नको. मग मीच दुर्बिणीचं काढलं, आणि एकदा काढलं की मी सोडते होय!

दुकानदार एक लहानशी, हलकी दाखवत होता. म्हणाला, "मॅडम, बंदूक हातात घेऊन रानात चालणाऱ्याला हीच बरी. तोल बिघडत नाही." येसूनं ती बाजूला सारली आणि जाडजूड मोठी उचलली. तळहातावर जरा झुलवली. "हीच." पुरुषांना मोठं ते चांगलं! बंदूक बरोबर होतीच, तिथंच बसवून दिली.

२० सप्टेंबर

येसू बंदूक कशी नेतो ते पाड्यातलं कुठलंही पोर चालून दाखवील. डाव्या हातात, चापाच्या पुढं जिथं तिचा तोल साधतो तिथं धरून, बाजारची पिशवी न्यावी तशी. सासरे त्या जागेला बंदुकीची कंबर म्हणायचे. लाकूड तिथं गुळगुळीत झालंय, आधी त्यांच्या हातानं, मग ह्याच्या.

आता नेमकी तिथंच वर दुर्बीण आली. बोटांचा वेढा पुरत नाही. बंदूक हातात एका अंगावर कलंडते. म्हणून येसूनं पट्टा लावला आणि ती खांद्याला अडकवली. पाठीवर बंदूक घेऊन चालताना तो वेगळाच कुणीतरी दिसतो. मला बरं वाटलं नाही. पण नव्याचं असंच असतं.

२३ सप्टेंबर

अंगणात रिकामी बंदूक खांद्याला लावून सराव चाललाय. पूर्वी बंदूक वर जायची आणि नेम लागलेला असायचा, मधे काही नसायचंच. आता वर नेतो, दुर्बिणीत डोळा शोधतो, तोवर नळी खाली झुकते. परत वर.

"काय झालं?"

"आतली फुली नाचते."

"सवय होईल."

"जड झाली बंदूक," म्हणाला. मोठी कुणी उचलली? — हे ओठांवर आलेलं गिळलं. मी आणि गिळलं! लिहून ठेवण्यासारखी गोष्ट.

२ ऑक्टोबर, दसरा

कोयते, विळे, नांगराचा फाळ आणि बंदूक ओळीनं मांडली. हळदकुंकू वाहिलं. बुध्या आला होता, माझा चुलतदीर. त्याचं नागलीचं वावर आमच्या बांधाला बांध लागून. बंदूक उचलून बघितली आणि हसला. "वहिनी, तिच्या पाठीवर पाटा कशाला ठेवलास?"

सगळे हसले. येसूही हसला, जरा जास्तच.

५ ऑक्टोबर

राहवलं नाही. काल दुर्बीण उतरवायला लावली आणि आज उपकेंद्रात बाळांच्या काट्यावर ठेवली. सातशे ग्रॅमच्या वर! एवढं बाळ जन्मलं तर मी क्षणभर हातात ठेवत नाही, जव्हारला धाडते. आणि तेवढं वजन मी नवऱ्याच्या बंदुकीवर बांधलं, तेही वरच्या अंगाला, जिथं ते बंदुकीला सरळ राहू देत नाही. संध्याकाळी परत बसवली. वाया कशी घालवायची?

हळव्या भाताची कापणी सुरू झाली. येसूच्या मुठी एवढ्याशा. पेंढी बांधली की सुटते. म्हटलं, आळस अंगात मुरलाय तुझ्या.

९ ऑक्टोबर

डुकरं बुध्याच्या नागलीत शिरली. अर्धं वावर लोळवलं. बुध्या परवानगी घेऊन आला.

१२ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं.

ऊन उतरता उतरता डुकरं ओहोळाकडून वर आली. मी बांधावर बुध्याच्या बायकोबरोबर बसले होते. मोठा नर पुढं. येसूनं बंदूक उचलली. उचलली आणि धरून राहिला, केवढा वेळ! पूर्वी एवढ्या वेळात डुक्कर पडून आम्ही घरी निघालेले असायचो. नळी हळूहळू खाली आली, तशीच त्यानं झटक्यानं वर केली आणि गोळी सुटली. नर मागच्या अंगावर बसला, किंचाळला आणि उठून रानात गेला.

जखमी जनावर सोडून मारणाऱ्यानं घरी जेवायला जायचं नाही, ही इथली रीत. येसू रक्तामागं गेला. अंधार पडल्यावर ओहोळापाशी माग तुटला. परत आला तो ताटावर बसलाच नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली.

१३ ऑक्टोबर

पाड्यातली मंगळी सकाळी ओहोळावर गेली होती, काटक्यांना. तिला काय माहीत झुडपात काय बसलंय! नर अंगावर आला. मांडी गुडघ्यापासून वर फाडली. नवऱ्यानं, अर्जुननं, पाठीवर घालून उपकेंद्रात आणली. मी दाबून धरलं, बांधलं, गाडीत घालून जव्हारला घेऊन गेले. रस्ताभर माझा हात तिच्या मांडीवर आणि तिचा माझ्या मनगटावर. एकदाच बोलली, "बाई, माझी काठी तिकडंच राहिली."

वाचली. रक्तवाहिनी बोटभरानं चुकली, डॉक्टर म्हणाले. ते डुक्कर मी सोडलं तिच्यावर. मी, सातशे ग्रॅमनी.

१५ ऑक्टोबर

नर मेलेला सापडला. वनरक्षकानं पंचनामा करून पुरायला लावला. येसू खड्ड्यापाशी शेवटपर्यंत उभा होता.

१७ ऑक्टोबर, वाघबारस

वाघदेवाला नारळ झाला, पोरांनी ओरडत पळापळी केली. येसू गेला नाही. मी गेले आणि नसते गेले तर बरं झालं असतं. बायका बोलत होत्या, मी आल्यावर गप्प झाल्या. एकीचं वाक्य अर्धं राहिलं — "नर्सबाईनी आणली ती दुर..."

खरंच आहे. कुणी मागितली होती? त्यानं मागितली नव्हती. दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूत नाक खुपसायची माझी खोड. सासऱ्यांनी ह्या बंदुकीवर आयुष्यभर काही चढवलं नाही. मला शहाणपण सुचलं!

२२ ऑक्टोबर

मंगळीला घरी आणलं. दिवाळी झाली की ती दोघं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडं. मी म्हटलं, यंदा अर्जुनला एकट्याला जाऊ दे, तू पाय भरू दे. ती माझ्याकडं बघत राहिली, जसं मी काही येडं बोलले.

"बाई, पाय त भरंल. पण भट्टीवर जोडी लागं. एकट्याला कोण घेतो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. पट्टी बदलली आणि घरी येऊन चुलीपुढं बसून रडले. येसूनं विचारलं, काय झालं? म्हटलं, धूर.

२४ ऑक्टोबर

दुर्बीण काढली. मीच, स्क्रू ढिले करून. येसूपुढं ठेवली. "चुकले मी. तुला जड झाली होती, तू सांगत होतास, मी ऐकलं नाही."

तो म्हणाला, "तुझी काय चूक." एवढंच. उठून गोठ्यात गेला. जनावरांना वैरण कधीच घालून झाली होती.

२९ ऑक्टोबर

देवा!

डुकरं परत आली, आमच्याच नागलीत. नवीन परवानगी अजून आलेली नाही, म्हणून येसू नुसता हाकायला निघाला, बंदूक सोबत. बंदुकीवर आता काही नाही. हलकी आहे, होती तशी. मी दारातून बघत होते. वाटलं, आता कंबरेत धरील.

पट्ट्यानं खांद्यालाच लावली.

मी मागून गेले. बांधावर त्यानं बंदूक उजव्या हातानं काढली, कुंपणाच्या मेढीच्या बेचक्यात टेकवली आणि मग डावा हात खाली नेऊन ठेवला. ठेवला! धरलं नाही. नुसता टेकवला, जसा कुणी देवळाच्या उंबऱ्याला टेकवतो.

"हात दाखव."

"कशाला?"

"येसू, हात दाखव."

अंगठा आणि पहिल्या बोटामधलं मांस बसलंय. खळगा पडलाय. माझं बोट धर म्हटलं, धरलं. दाब म्हटलं. दाबत होता, चेहऱ्यावरून कळत होतं की जोर लावतोय, आणि माझ्या बोटाला काही लागेना.

पेंढ्या सुटत होत्या. श्रावणात हातातून चहाचा कप पडला तेव्हा मी म्हटलं होतं, लक्ष कुठंय. शर्टाची बटणं मी लावून द्यायची — म्हातारपणी लाडात आलाय, असं समजून हसत होते! सगळ्या पंचक्रोशीच्या नाड्या बघते मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

६ नोव्हेंबर

नाशिक. मानेतली शीर दबलीय. एक-दोन महिन्यांचं नाही, दीड वर्ष तरी झालं असेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननं आणखी जाणं थांबेल. गेलेलं बहुतेक परत येत नाही. "लवकर का नाही आणलं? तुम्ही तर ह्याच लाइनीत आहात."

दीड वर्ष. म्हणजे गेल्या सालच्या गोळ्या मातीत गेल्या तेव्हाही. तेव्हा दुर्बीण कुठं होती! डोळे बरे होते, तक्ता खरा वाचला होता, आणि मी त्या अधू हातावर आणखी वजन चढवलं.

एसटीत म्हटलं, मला सांगायचं होतंस. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बंदूक धरता येत नाय अशा माणसाला पाड्यात काय म्हणतील?"

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

मी रागानं तोंड फिरवलं. मग चढ लागला, गाडी हिसकली आणि त्याला डाव्या हातानं दांडा धरता येईना. मी दंड धरून ठेवला, खोडाळ्यापर्यंत.

८ नोव्हेंबर

येसू स्वतः मंगळीकडं गेला. मी बरोबर नको म्हणाला. दारात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, "बंदुकीचा दोष नव्हता. दुर्बिणीचाही नव्हता. माझा हात गेलाय." बुध्यानं येऊन मला सांगितलं.

मंगळी काय म्हणाली? म्हणाली, "मंग आथा भात कोण मळं तुमचा? अर्जुन हाय ना. यंदा भट्टी नाय त इथंच राहतो आमी."

माफी दिली की काम मागितलं, मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

११ नोव्हेंबर

बंदूक जमा करायला अर्ज दिला. येसूनं सही उजव्या हातानं केली, कागद मी दाबून धरला.

१५ नोव्हेंबर

आज नागली झोडपता झोडपता एकदम आठवलं, आणि हात थांबला. नाशिकच्या त्या दुकानात हलकी दुर्बीण समोर होती. ती सारून मोठी ह्यानंच उचलली होती. तळहातावर झुलवून.

खळ्यातच विचारलं. "हात गेलाय हे तुला माहीत होतं. मग एवढी जड का घेतलीस?"

अर्जुन पलीकडं पाखडत होता, म्हणून येसू हळू बोलला.

"बंदूक आधीच जड लागं. हलकी घेतली असती, त जड कशानं झाली म्हणून सांगला असता?"