लिस्बनच्या खिडकीतलं कुंकू

आत्याबाई, तुमच्या सुनेनं या वयात एका शहरावर जीव लावला आहे, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शहराचं नाव लिस्बन. पोर्तुगीज लोकांचं, नकाशात अगदी कडेला. जरा बोटानं ढकललं तर समुद्रात पडेल असं. तुम्ही गेल्या तेव्हा तुमची पणती जन्मायची होती. ती आता जर्मनीत नोकरी करते. तिनं मला उन्हाळ्यात बोलावून घेतलं आणि तिथून तीन दिवसांसाठी या लिस्बनला नेलं. तुमच्या लेकालाही चला म्हटलं होतं. "मले नोका कोंडू त्या विमानात, अन् म्हशीले कोण पाहीन?" म्हणाले. घरात दुसरं कुणीच नाही, असा यांचा आव. तर गेले मी एकटी. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. तरी लिहिते. शहराचं सांगतेच, पण तिथं माझ्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती आपल्या दोघींच्या त्या संक्रांतीच्या दिवसाला जाऊन भिडते. खरं म्हणजे कागद त्यासाठीच घेतला.

आधी शहर. बाभुळगावपासून यवतमाळपर्यंत मिळून जेवढे चढ नसतील तेवढे तिथं एका गल्लीत आहेत. पिवळी ट्राम असते, आपल्या एसटीच्या अर्धी, डब्यासारखी, आणि भिंतींना इतकी खेटून जाते की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी चुलीवरची भाजी हलवून यावी. घरांना बाहेरून निळी नक्षीची फरशी, आपण न्हाणीघरात लावतो तशी. मी म्हटलं, यांनी घर उलटं केलं की काय! रस्त्यावर जांभळ्या फुलांचा सडा. आणि वर पाहावं तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घातलेले, चादरी, बनियानी, चड्ड्या, सगळं चारचौघांत. मला इतकं बरं वाटलं! जर्मनीत महिनाभर राहिले, पण लोक कपडे कुठं वाळवतात ते शेवटपर्यंत दिसलं नाही. इथं आल्याबरोबर वाटलं, हे लोक घरातले आहेत. माझे गुडघे रडत होते आणि मी हसत होते. नात म्हणे, "आजी, दमली का वं?" मी म्हटलं, "दमली तुही माय. चाल वर!"

आम्ही राहिलो ती खोली जुन्या वस्तीत, तिसऱ्या माळ्यावर. खाली रस्त्याला लागून एक खिडकी, आणि त्या खिडकीत एक म्हातारी दिवसभर कोपर टेकून बसलेली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. अंगात काळा झगा, काळं स्वेटर, कानात बारीक सोन्याच्या बाळ्या. तुम्ही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत होत्या ना, अगदी तशी. कोण आलं, पिशवीत काय आणलं, सगळं तिला पाहिजे. तिच्या खिडकीत एका कुंडीत तुळशीसारखं गोल झुडूप होतं. मी आपला नमस्कार केला आणि वास घ्यायला नाक खाली नेलं, तर बाई अशी ओरडली! तुम्ही मला पारोशानं तुळशीला शिवले म्हणून ओरडल्या होत्या, तोच सूर. मग तिनं दाखवलं, झुडपावर तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. नाक लावायचं नाही. नातीनं विचारून सांगितलं की नाक लावलं की ते वाळतं, असं तिथं मानतात. मी म्हटलं, बरोबर आहे, आमच्याकडेही असंच काहीतरी असतं. त्यानंतर ती आणि मी रोज बोलत बसायचो, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. एकमेकींचं काही कळत नव्हतं, त्यामुळे मतभेदही झाले नाहीत.

आता ती संक्रांत. माझ्या लग्नानंतरची दुसरी. मामंजींना जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. तुम्ही पहाटेपासून तीळ भाजता आहात, गूळ फोडता आहात, लाडू वळताना हात पोळतात म्हणून मला जवळ येऊ देत नाही. ओसरी तुम्हीच सारवली, सतरंजी तुम्हीच टाकली. हळदीकुंकवाला बाया यायला लागल्या आणि तुम्ही सूप घेऊन परसात गेल्या. कुणी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. बाया गेल्यावर मी ताटलीत लाडू घेऊन मागे येते. माझ्या दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा तसाच राहिलेला. तुम्ही सूप खाली ठेवता, करंड्याकडे पाहता, आणि हसून म्हणता, "मले नाही लावत काय वं?" तुमच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका आहे, कुंकू पुसलं तरी तो कुणाला पुसता आला नव्हता. मी बोट कुंकवात बुडवलंसुद्धा. मग मीच म्हणाले, "तुमी बी ना आत्याबाई, काहीबाही बोलता." तुम्ही आणखी मोठ्यानं हसल्या. "जाय, जाय. गंमत केली. दुधावर झाकण ठेव." मी ते बोट पदराला पुसलं. त्यानंतर कितीतरी संक्रांती झाल्या, तुम्ही ती गंमत पुन्हा केली नाही.

हे मी पुढे पुष्कळांना सांगितलं. बचत गटात सांगितलं, सुनेला सांगितलं. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, गावातल्या बायांची भीती होती हो, काळच तसा होता. सगळ्या माना हलवतात. गावात एकदा सगळ्या बायांचं मिळून हळदीकुंकू झालं, नवरा असलेल्या-नसलेल्या सगळ्यांचं, तेव्हा मी ताट धरायला उभी होते. लावायला दुसरी होती.

लिस्बनहून निघायच्या दिवशी सकाळी बॅगा खाली आणल्या. कुणाच्या दारातून निघायचं तर कुंकवाशिवाय कसं निघायचं? माझ्या पर्समध्ये डबी असतेच. मी त्या बाईला खुणेनं जवळ बोलावलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि यवतमाळहून नेलेला एक खण तिच्या हातात दिला. बाई इतकी खूश झाली! खिडकीच्या काचेत पाहिलं, समोरच्या घरातल्या बाईला हाक मारून दाखवलं, मग घाईनं आत गेली आणि एक फोटो घेऊन आली. मिशीवाला माणूस, टोपी घातलेला. तिनं आपल्या बोटांचा मुका घेतला, ती बोटं फोटोला लावली, त्यालाही कपाळ दाखवलं आणि वर आभाळाकडे हात केला.

मी वळून नातीकडे पाहिलं, आत्याबाई.

नात म्हणाली, "आजी, इथं नवरा गेला की जुन्या बाया काळं घालतात. मरेपर्यंत."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं? अन् काय बिघडलं? पाह्य ना, किती खूश हाय ते."

खूशच होती. आणि तिला वाटलं असेल की परत करायला पाहिजे, तर तिनं माझ्या हातातली डबी घेतली आणि अंगठा बुडवून माझ्या कपाळावर एवढं मोठं कुंकू फासलं, देवीला फासतात तसं, अर्धं नाकावर सांडलं. मला मागे सरकायला जागाच नव्हती, मागे बॅगा होत्या. मग तिनं माझे दोन्ही गाल धरले आणि काहीतरी बोलली. त्या क्षणी मला ते शहर असं आवडलं की काय सांगू. चढ, ट्राम, फरशा सगळं आधीपासून आवडत होतंच, पण हे आवडणं वेगळं होतं. मी रडले. नातीला वाटलं, निघायचं वाईट वाटतं आहे.

लोक आता विचारतात, एवढ्या दूर जाऊन काय पाहिलं? मी ट्राम सांगते, झुडूप सांगते, कुंकवाचंही सांगते, आणि सगळे म्हणतात, वा, म्हातारीनं हिंमत केली. यापुढचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. ट्राम उतारावरून खाली आली, आणि मी नातीला म्हटलं, घरी फोन लाव. लगेच लाव. आपल्याकडे दुपार होती. घंटी वाजत राहिली, तेवढ्या वेळात मी सगळे देव आठवले. मग तुमच्या लेकाचा आवाज आला, तोंड भरलेलं.

"काय करून राह्यले?"

"जेवून राह्यलो. काहून?"

"छातीत-बितीत काही नाही ना?"

"ठेच्यानं जळजळ होऊन राह्यली. तू कायले एवढ्या दुरून फोन केला?"

त्यांचा भाकर चावायचा आवाज ऐकत मी फोन कानाला धरून बसले. तेव्हा मला कळलं की त्या संक्रांतीला मी गावातल्या बायांना भ्याले नव्हते. त्यातल्या अर्ध्यांशी तर माझं भांडणच होतं. मी यांच्या जिवासाठी भ्याले होते. तुमच्या कपाळाला लागलेलं बोट माझ्या कपाळाला लागेल आणि माझंही कुंकू जाईल, असं वाटलं होतं. तुमच्या भाजलेल्या हातचे लाडू खाल्ले आणि तुमच्या कपाळाला भ्याले. आणि त्या दिवशी लिस्बनमध्ये, एवढं सगळं पाहून-ऐकून झाल्यावरही, तशीच भ्याले.

हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण तिथं तुमचे लेक औषधाच्या चिठ्ठ्या खोचतात, त्यांच्या हाती लागेल. म्हणून माझ्या लुगड्यांच्या घडीतच राहू द्या. ते अजून अधूनमधून विचारतात, भर दुपारी एवढ्या दुरून फोन कायले केला होता? मी म्हणते, म्हैस व्याली का ते विचारायचं होतं.