वायरलेसचा खटका

१० मार्च, मंगळवार

वाय-फाय गेलं! सकाळी लॅपटॉप उघडला तर नेटवर्कचं चिन्ह करडं. राउटर चालू, फोन जोडला जातोय, फक्त हाच नाही. आणि परवा मुलाखत — पुण्याची कंपनी, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम. मुग्धा झाल्यावर नोकरी सोडली, त्यानंतरचं हे पहिलंच बोलावणं. स्क्रीन दाखवत काम करायचंय, फोनवर भागणार नाही. नवऱ्याचा, सलीलचा लॅपटॉप त्याच्या बँकेनं दिलेला. त्यावर बाहेरचं काहीच चालत नाही.

रीस्टार्ट केला. वायरलेसची कळ दाबली. पुन्हा दाबली. ढिम्म.

११ मार्च, बुधवार

क्षितिजला फोन केला. या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स माझ्या या धाकट्या भावानंच घालून दिलं. त्यानं टर्मिनलमध्ये एक कमांड द्यायला लावली. उत्तर — सॉफ्ट ब्लॉक: नाही. हार्ड ब्लॉक: होय.

"ताई, म्हणजे लिनक्सचा दोष नाही. कार्ड बाहेरून बंद केलंय. कुठेतरी खटका असेल, शोध."

चारही बाजू पाहिल्या. कुठेच नाही!

जवळच्या बेहाला बाजारातल्या दुकानदारानं मशीन ठेवून जा, शनिवारी बघतो म्हणून सांगितलं. परत घेऊन आले. फोनचं नेट लॅपटॉपला जोडून पाहिलं, पण आमच्या तळमजल्यावर रेंज कुठली — चित्र गोठतं. सलील म्हणतो, तारीख बदलून माग. इतक्या वर्षांनी बोलावलंय आणि पहिलीच गोष्ट काय, तर अडचण? नाही मागणार.

मुग्धा जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

१२ मार्च, गुरुवार

मिळाला! चिडून लॅपटॉपचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढलं, तर पुढच्या कडेला नखाएवढा खटका. सरकवला. दिवा लागला, वाय-फाय हजर.

मग लक्षात आलं — कव्हर काढल्याशिवाय हा हलूच शकत नाही. म्हणजे कुणीतरी काढलं होतं.

मुग्धा दारात उभी, शाळेच्या गणवेशात. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"मला अजून एक नवा शाळा नको, आई."

रडताना तिचं मराठी असंच अडखळतं. नववीत आहे, आणि सलीलच्या बदल्यांपायी ही चौथी शाळा. इथे पहिल्यांदा तिच्या मैत्रिणी झाल्या. त्यांच्याशी बंगालीत तासन् तास बोलते. नोकरी मिळाली तर मी तिला पुण्याला नेणार, असं धरून बसली होती. मी कधी विचारलंच नाही तिला.

राग आला होता, खूप. तरी एवढंच म्हटलं, शाळेत जा, संध्याकाळी बोलू.

मुलाखत बरी झाली. घरून काम करता येईल का, तेही विचारून टाकलं. संध्याकाळी मुग्धाला शब्द दिला — दहावी होईपर्यंत शाळा बदलायची नाही. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

नोकरी मिळाली! घरून कामाला होकार.

संध्याकाळी सलील आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. बदली — गुवाहाटी. सामान कधी बांधायचं, म्हणून विचारू लागला.

"तुझं बांधू," मी म्हटलं. "आम्ही दोघी इथेच राहतोय."