शिट्टी वाजवायला मास्क काढावाच लागतो

५ एप्रिल २०२१, सोमवार. सकाळी ७.
वॉर्ड ऑफिसनं मला गल्लीचा स्वयंसेवक नेमलं. नेमायलाच हवं होतं. छत्तीस वर्षं ऑफिसात काढून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस मंगळवार पेठेत दुसरा आहे कुठे? गळ्यात घालायचं कार्ड मिळालं. साहेबांनी तीन सूचना दिल्या. लोकांना मास्कचे नियम सांगा, लसीसाठी म्हाताऱ्या माणसांची यादी करा, कुणाशी भांडू नका. तिसरी सूचना बाकीच्या स्वयंसेवकांसाठी असावी.
संकल्प : आठ दिवसांत गल्ली शंभर टक्के मास्कमध्ये. अव्वाला (माझी आई, वय ८१, गुडघे गेलेत) लस घरी आणून देणार. माझी स्वतःची सगळ्यांत शेवटी. आधी जनता. सुईबिईचा काही प्रश्न नाही.

७ एप्रिल.
शिट्टी आणली. कोपऱ्यावर उभा राहिलो. आकाराम चहावाल्याचा मास्क हनुवटीला. म्हटलं, वर घे. म्हणाला, "पावणं, चा उकळला का न्हाई ते मला वासावर कळतंय. नाक झाकून धंदा करू व्हय?" चाळीस वर्षं समोरासमोर राहतो आणि मला पावणं म्हणतो! माजलेत सगळे.

९ एप्रिल. दुपारी.
वॉर्ड ऑफिसला जाऊन अव्वासाठी घरी लस मागितली. क्लार्क म्हणाला, तशी सोय अजून नाही, आजींना केंद्रावर आणा, खुर्ची ठेवतो, लाईन लावायची नाही. मी म्हटलं, माझी आई कुठं जाणार नाही, लस येईल. तो म्हणाला, लस येत नसते काका. काका! उद्धट. चार पानी अर्ज लिहिला. आता हलतील.

१० एप्रिल, शनिवार.
वीकेंड लॉकडाऊन. कार्ड घालून पाहणीला निघालो. चौकात पोलिसानं अडवलं. 'निरीक्षण' म्हटल्यावर चांगलाच प्रभावित झाला. स्वतः मोटरसायकलवरून घरापर्यंत सोडलं आणि परत बाहेर दिसू नका म्हणाला. काळजी असते लोकांना.

१३ एप्रिल, पाडवा.
गल्लीतली आरोग्य सेविका रशिदा यादी घेऊन दारात आली. दोन घरं सोडून राहते. लग्न होऊन आली तेव्हा मान वर करत नव्हती, आता रजिस्टर घेऊन फिरते. विचारते, "काका, अव्वांना कधी न्यायचं? आणि तुमचा पयला डोस?" मी म्हटलं, स्वयंसेवकाला प्रश्न विचारायचे नसतात. तिनं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखव म्हटलं, तर "माझं काम हाय ते" म्हणाली. स्पष्ट सांगितलं, या उंबऱ्यावर परत पाय ठेवायचा नाही.
तेव्हापासून शांभवी माझ्याशी बोललेली नाही. बायको गप्प असली की कामाला वेळ मिळतो.

१६ एप्रिल.
कट. शुद्ध कट. चौकात एकाला शिट्टी मारली, तेवढ्यात तपासणी पथक आलं आणि पावती माझ्याच नावानं फाडली. मास्क तोंडाखाली होता म्हणे. अरे, शिट्टी वाजवायला मास्क काढावाच लागतो! एवढं साधं शास्त्र सरकारला कळत नाही. कुणीतरी व्हिडिओ काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. आकारामनं खाली हसऱ्या तोंडांची रांग लावली. ग्रुप सोडला. ग्रुपचंच नुकसान.

२० एप्रिल. सकाळी ११.
लसीकरण केंद्राची अचानक पाहणी केली. रांग नीट चालते का ते समजावं म्हणून रांगेत उभा राहिलो. टोकनही घेतलं, पाहणीचाच भाग. पुढं तीन माणसं राहिली तेव्हा नर्सनं सुईचं टोपण काढलेलं दिसलं. दूध गॅसवर ठेवल्याचं आठवलं. निघालो. घरी सांगितलं, स्टॉक संपला. शांभवी आठवड्यानंतर पहिलं वाक्य बोलली : "आज दोनशे डोस आलेत. रशिदानं सांगितलं."
ही बाई माझ्या घरात बातम्या पोचवते!

२३ एप्रिल.
अर्जाचं काय झालं ते विचारून परत येतो तर घराला कुलूप. अव्वा पाच वर्षं खाटेवरून उठलेली नाही आणि घराला कुलूप! पायरीवर बसून राहिलो. दीड तासानं गल्लीतल्या गैबीची रिक्षा आली. आत अव्वा, एका बाजूला शांभवी, एका बाजूला रशिदा. अव्वाचं नवं इरकल लुगडं, दंडावर कापूस.
मी विचारलं, कुणाच्या परवानगीनं?
अव्वा म्हणाली, "मला पाय न्हाईत, तोंड हाय की. खिडकीतनं मीच हाक मारली रशिदाला. तुझ्या कागदाची वाट बघत मरू व्हय?"
सुई दुखली का विचारलं. नुसतं माहितीसाठी. म्हणाली, "मुंगी चावल्यागत. तू का विचारतोस?"
नोंद : माझ्या पाठपुराव्याला यश. अव्वाचा पहिला डोस पूर्ण.

२८ एप्रिल.
रशिदाविरुद्ध सह्यांची मोहीम. एकवीस घरं फिरलो. एकही सही नाही. धोंडुबाईनं दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "त्या पोरीनं माझ्या घरात औषधं आणून दिली. तू काय दिलंस, शिट्टी?" कृतघ्न गल्ली. ओरडून ओरडून घसा बसला.

३० एप्रिल.
अंग गरम. ऊन लागलं. शांभवीनं सूड म्हणून जेवणात मीठ टाकणं बंद केलंय. लसणाच्या चटणीलाही वास नाही. लसूणसुद्धा जुना आणते.

२ मे.
लसणात खोट नव्हती. रिपोर्ट पॉझिटिव्ह. रशिदानं दारावर कागद चिकटवला. अव्वा आणि शांभवी निगेटिव्ह. मला वरच्या खोलीत ठेवलं. शांभवी जिन्यातून ओरडून म्हणाली, "एकवीस घरं फिरलासा. आता रशिदाला एकवीस घरं तपासाया लागणार." त्यात माझी काय चूक? सह्या दिल्या असत्या तर लवकर आटपलं असतं.

५ मे.
वॉर्डानं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन दिलंय. रशिदा सकाळ-संध्याकाळ रस्त्यावरून ओरडते, "काकाऽ, आकडा?" ९२ होता. मी ९७ सांगितला. सगळ्या गल्लीनं ऐकावा असा आकडा असला पाहिजे.

६ मे. सकाळी.
८९. मशीन खराब असावं. ९६ सांगितला. ती खाली तशीच उभी राहिली. म्हणाली, "एवढं बोलताना तीनदा थांबलासा." मग अंगावर किट चढवून वर आली, बोट धरलं, आकडा बघितला. ओरडेल वाटलं. तिनं फक्त फोन लावला, "बेड पायजे. आत्ताच." अव्वा खालून माझं नाव घेऊन हाका मारत होती. मला ओ देता आली नाही.

२५ मे.
परवा दवाखान्यातून घरी आलो. अठरा दिवस काही लिहिलं नाही. शेजारच्या बेडवरचा नेसरीचा माणूस रोज उसाला पाणी द्यायची पाळी चुकल्याचं सांगायचा. एका सकाळी चादर बदललेली होती. माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता. सह्या मागत फिरलो त्या घरांत दोघं सापडले, दोघंही बरे आहेत. शांभवीला विचारून खात्री केली.
आज रशिदा आली. उंबऱ्याबाहेरच उभी. मी आत ये म्हटलं, आली नाही. लस घ्यायची म्हटलं. म्हणाली, कोरोना झाल्यावर आता तीन महिनं मिळत नाही. स्वयंसेवकाच्या कार्डाचं विचारलं, तर वॉर्डानं ते दुसऱ्याला दिलंय.
मग म्हणाली, "भ्या वाटत हुतं व्हय काका, सुईचं?"
तत्त्व, जनता, पाहणी, सगळं तोंडात आलं होतं. दम पुरला नाही.
म्हटलं, "व्हय."
"मग तसं सांगायचं की," ती म्हणाली आणि ऑगस्टमधली तारीख लिहून दिली. त्या दिवशी न्यायला येते म्हणाली.
मी नको म्हटलं नाही.