तहान न लागणारी ज्वारी

परभणी, ६ जानेवारी २०२५

ती. आबांस राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, असं तुम्हीच म्हणता; म्हणून ही बातमी कागदावर. आपल्या रानातली दगडी ज्वारी मी प्रबंधासाठी बारा कुंड्यांत लावली होती. सहांना रोज पाणी, सहांचं पंधरा दिवस बंद. पाणी तुटलं की झाडात एक संप्रेरक वाढतं. त्याच्या हुकमानं पानांची बारीक भोकं मिटतात. पाणी उडायचं थांबतं, पण हवाही आत येत नाही, म्हणून अन्न बनणं मंदावतं. मग झाड वाढ सोडून साखर पेशींत ओल धरायला वापरतं. दुष्काळात आपण लग्नं पुढं ढकलतो, तसंच.

पण आपल्या तहानलेल्या सहा कुंड्यांत ते संप्रेरक वाढलंच नाही! पानंही ताठ. माझे मार्गदर्शक सर हरखून गेलेत; म्हणाले, ही जात दुष्काळाला मोजतच नाही. फेब्रुवारीत परिषदेत निबंध वाचायचा आहे. तो पार पडला की पीएच.डी. हातात आली म्हणून समजा. आईला सांगा, डिसेंबरातल्या तापातून मी ठणठणीत झाले. तिनं येऊन आठ दिवस माझं सगळं केलं म्हणून.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
राजनंदिनी

धारूर, १२ जानेवारी

चि. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पारावर तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मलाही थोडं कळलं. तीस वर्षं ही ज्वारी पेरतोय, पाण्यावाचून ती माझ्या डोळ्यांदेखत वाळलेली हाय. पण शास्त्र न्हाई म्हणतं, तर न्हाई. आपले माजी सरपंच विजयसिंह २ फेब्रुवारीला सत्कार ठेवताहेत. फेटा मला, भाषण त्यांचं. हनुमान दुकानदार बियाणं मागून गेला.

फक्त तुझी आई पत्र ऐकल्यापासून गप्प हाय. का गप्प, विचारलं तर म्हणाली, भाकर करपली.

तब्येतीला जप, माया आहेच.
शहादेव

धारूर, १५ जानेवारी

लाडके राजनंदिनी, आईचे आशीर्वाद.

तुझे आबा फेटा बघायला गेलेत तवर लिहिते. तू तापात सारखी ‘कुंड्या, कुंड्या’ बरळत होतीस. म्हणून मी कॉलेजातल्या त्या जाळीच्या घरात गेले. सहा ज्वाऱ्या माना टाकून उभ्या अन् शेजारच्या सहा हिरव्यागार. मला वाटलं, तापापायी तुझं निम्म्यांना पाणी घालायचं राहिलं. मग जाईपर्यंत रोज बाराही कुंड्यांना तांब्या तांब्या घातलं. दुसऱ्याच दिवशी पानं ताठ झाली, लई बरं वाटलं. तू बरी झालीस अन् सांगायचं राहून गेलं.

माझ्यामुळं तुझं शिक्षण बुडलं का? खरं ते कळव. आबांना सांगितलं न्हाई.

राग धरू नको गं.
तुझी आई

परभणी, २४ जानेवारी

ती. आबा आणि आई, दोघांनाही शि. सा. न.

आबा, आईनं मला लिहिलेलं पत्र सोबत पाठवतेय, ते शेजारी ठेवून हे वाचा. आई, तुझं पत्र मी आधी फाडायलाच निघाले होते. मग माझी वही उघडली. कुंड्यांचं रोज वजन करून लिहायचं असतं. ते आठ दिवस मी अंथरुणात होते, तरी वहीत आठही दिवसांची वजनं आहेत. मागचे आकडे बघून अंदाजानं भरली होती. जागा कोऱ्या सोडल्या असत्या तर सरांनी तिथंच अडवलं असतं. तुझा दोष नाही, आई. खोटं मी लिहिलं.

काल सरांना सगळं सांगितलं. खूप रागावले, आणि ते बरोबरच होतं. निबंध मागं घेतला, प्रयोग पहिल्यापासून. एक वर्ष गेलं. लाज वाटते. आबा, सत्कार थांबवा.

तरीही तुमचीच,
राजनंदिनी

धारूर, ३ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

सत्कार थांबला न्हाई. विजयसिंह म्हणाले, मंडप पडलाय, भाषण पाठ झालंय. मी माईक हातात घेतला अन् सांगून टाकलं, की आपली ज्वारी चारचौघींसारखीच तहानते, तिला आमच्या घरच्या सरस्वतीबाईंनी पाणी पाजलं. माणसं पोट धरून हसली. त्यावर विजयसिंहांनी दुष्काळाला न भिणाऱ्या ज्वारीवरचं भाषण अक्षर न बदलता केलं, टाळ्याही पडल्या. हनुमान अजून बियाणं मागतोय.

तू सरांसमोर उभी राहून खरं बोललीस, त्याचा मला फेट्यापेक्षा जास्त अभिमान हाय. वर्ष जाऊ दे.

तुझ्या आईनं विचारलं, पोरगी पुन्हा सहा कुंड्या तशाच तहानेल्या ठेवणार का? मी हो म्हणालो. तर पदर डोळ्याला लावून बसली. तुझ्यासाठी रडत होती का ज्वारीसाठी, मला काय कळलं न्हाई.

पत्र धाडत जा, वाट बघतो.
शहादेव