जड मशीन परत देऊ नकोस

दादू,

बाबांना पुन्हा दम लागलाय, दवाखान्यात घेऊन चाललेय. तू रात्रपाळी करून आला होतास, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय.

कॉटखालचं खोकं दुकानात परत द्यायला नेऊ नकोस. बाबांनी आणलेलं, फळ्या जोडायला कडेला खाच पाडायचं ते मशीन आहे त्यात, बिस्किट जॉइनर. ‘डाव्या हातानं कप उचलत नाही आणि सुतारकामाची हौस बघा’ असं काल तू म्हणालास, ते त्यांनी ऐकलंय. झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

दुकानात मी सोबत होते. मी म्हटलं, हलकं घ्या, तुम्हाला झेपेल. पण हलक्याचं बटण उजव्या अंगठ्यापाशी होतं, ते त्यांना नकोच. जडच हवं म्हणून अडून बसले. डाव्या हातानं धरलं तर बटण नीट दाबलं जातं ना, हात सटकणार नाही ना, असं विचारून विचारून दुकानदाराचं डोकं खाल्लं. मला वाटलं, म्हातारपणी बुद्धी फिरली. ज्या हातात जीव नाही त्याच हाताचं कौतुक. तसं बोललेही. ते नुसते हसले.

आत्ता त्यांच्या पायात चप्पल सरकवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात डावखुरा तू एकटाच आहेस.

उठलास की ते मशीन घेऊन दवाखान्यात ये. तिथं चालवायचं नाही. नुसतं तुझ्या हातात त्यांना दिसू दे. उशीर करू नकोस रे.

आई