दखल घेण्यासारखं काही नाही

७ जानेवारी २०१९, सकाळ
काल जेवताना नीरजाने सांगितलं, लग्न करीन तर जयसिंगशीच. जयसिंग लोणी काळभोरचा. हिच्याच ऑफिसात आहे. घरची शेती, रोपवाटिका, दारात मोठी काळी गाडी. मी शांतपणे ऐकून घेतलं. आमटीची वाटी तेवढी भिंतीकडे गेली. माझ्या बायकोने, सुनीतीने, लगेच भिंत पुसून घेतली. आमच्या घरात समंजसपणा आहे तो असा.

मुद्दा असा, की गावाकडची माणसं तापट. बांधावरून कुऱ्हाडी काढतात. माझी एकुलती एक मुलगी मारकुट्या माणसाच्या घरात जाणार नाही. संकल्प: जयसिंगचं पोलीस रेकॉर्ड काढायचं. एकही अटक सापडली की विषय संपला.

९ जानेवारी
पोलिसांच्या वेबसाइटवर अटक आरोपींची यादी असते. दुपारभर बसलो. कॅप्चा सारखा चुकतो. ओ आहे की शून्य, ते सरकारलाच ठाऊक. माउस खिडकीतून खाली गेला. सुनीती म्हणाली, नव्या वर्षातला हा दुसरा. तिला कौतुक नाहीच.

११ जानेवारी
शहर पोलिसांच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, लोणी ग्रामीणमध्ये येतं, इथे कशाला आलात? मी म्हटलं, मग तसा बोर्ड लावा. त्या म्हणाल्या, लावलाय, आपण त्यालाच टेकून उभे आहात.

येताना रिक्षावाला कसब्यात आत यायला तयार होईना. चर्चा झाली. त्याच्या कॉलरला माझा हात लागला, बटणं तुटली. मग त्याचा हात माझ्या चष्म्याला लागला. चूक त्याची. चष्मा माझा.

उद्यापासून पहाटे प्राणायाम.

१५ जानेवारी, संक्रांत
पहाटे जाग आली नाही. प्राणायाम उद्यापासून.

गोड बोलायचा दिवस म्हणून मुद्दाम आजच लोणीला गेलो. ठाण्यातला हवालदार म्हणाला, काका, तिऱ्हाइताचं रेकॉर्ड असं देता येत न्हाई. मी माहिती अधिकार काढला. तो म्हणाला, त्यो माहितीचा अधिकार हाय, दुसऱ्याच्या घरात डोकवायचा न्हाई. ज्याचं त्यानं अर्ज केला, तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो म्हणे. पोरांना नोकरीला लागतो तो.

मग बाहेर चहाच्या टपरीवर गुप्त चौकशी केली. एक पागोटेवाला म्हातारा बसला होता. जयसिंगने आजवर किती लोकांना हाणलंय, असं सहज विचारलं. तो म्हणाला, आमच्या पोराबद्दल असं इचारनारा तू कोन रं? मला अरे-तुरे खपत नाही. माझा हात त्याच्या गालापर्यंत गेला. म्हातारा दिसतो तसा नव्हता. त्याने मला पागोट्यासकट डोकं मारलं, मग उचलून उसाच्या ट्रॉलीवर टाकलं. मी उठून चहाची किटली वापरली. ओठ त्याचाही फुटला. शेवटी हवालदाराने आम्हाला आत नेलं, पाणी दिलं आणि माझं नाव, पत्ता, वय, सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. शहरातल्या माणसाला तिकडे मान आहे.

घरी सांगितलं, बसमधून उतरताना पडलो. सुनीती माझ्याकडे बघून हसली. का, ते कळलं नाही.

२० जानेवारी, रविवार
लोणीची मंडळी बोलणीला आली. जयसिंग, त्याची आई तुळजाबाई आणि चुलते गेनबा. गेनबांचा खालचा ओठ सुजलेला. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही. सुसंस्कृतपणा.

जयसिंग मुळीच बोलत नाही. मान खाली घालून पोहे खातो. असली गप्प माणसंच धोक्याची. मी मुद्दा मांडला: पत्रिका तर बघूच, पण पत्रिकेबरोबर मुलाचा पोलिसांचा दाखलाही पाहिजे. नीरजाने डोळे मिटून घेतले. तुळजाबाई म्हणाल्या, देतो की. पन मग पोरीच्या बापाचा बी द्या. पत्रिका काय एकाचीच बगत्यात व्हय?

मी मोठ्याने हसून हो म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. बँकेत मॅनेजरच्या कपाळाला पेपरवेट लागलं, तेसुद्धा मी व्हीआरएस घेतल्यावर मिटलं.

२ फेब्रुवारी
जयसिंगचा दाखला आला. कोरा करकरीत. एक नोंद नाही. इतका स्वच्छ माणूस असूच शकत नाही. मॅनेज केलंय. हे नीरजाला समजावताना बेडरूमच्या दाराची फळी फुटली. माझी दोन बोटं प्लॅस्टरमध्ये. नीरजा आतून कडी लावून बसली. बापाला इतकं लागलंय, तर बाहेर येऊन बघेल की नाही?

उजवा हात बंद. प्राणायाम लांबणीवर.

१४ फेब्रुवारी
माझ्या पडताळणीसाठी चौकीतून पोलीस आला. खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मकसूदभाईंना विचारत होता, मी जिन्यातून ऐकलं. मकसूदभाई म्हणाले, यांच्याकडे काय चाललंय ते कळायला आम्हाला कान लावावा लागत नाही, उलट झाकावे लागतात. मोकळ्या स्वभावाची माणसं लोकांना आवडतातच.

२६ फेब्रुवारी
दाखला आला!

लिहिलंय, अभिलेख पाहता नमूद इसमाविरुद्ध अदखलपात्र नोंदी आहेत. अ-दखल-पात्र. म्हणजे पोलिसांनी पाहिलं आणि दखल घेण्यासारखं काही नाही, असं ठरवलं. याहून स्वच्छ ते काय असतं? जयसिंगच्या दाखल्यावर नुसतं निरंक. माझ्यावर सरकारने निदान विचार तरी केलाय.

नोंदी दोन. एक लोणीची, जानेवारीतली. दुसरी २००८ सालची. तक्रारदार, पत्नी. सुनीतीला विचारलं, ही कधी गेली होतीस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, मिक्सरचं भांडं डोक्याला लागलं तेव्हा. मला वाटत होतं ती बाथरूममध्ये पडली होती. डॉक्टरांना आम्ही तसंच सांगितलं होतं. मी विचारलं, मग पोलीस घरी का आले नाहीत? ती म्हणाली, मी दोन दिवसांनी जाऊन नको म्हणून सांगितलं. नीरजाची परीक्षा होती.

म्हणजे तिनेही शेवटी दखल घेतलीच नाही. विषय संपला. दाखला लॅमिनेट करून आणला.

३ मार्च, रविवार
दाखला घेऊन तिघंही लोणीला गेलो. ओसरीवर सगळे बसलेले. मी उभा राहून खणखणीत आवाजात वाचला आणि अदखलपात्र या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. गावाकडे भाषेची अडचण असते.

मग तुळजाबाई म्हणाल्या, आमाला नका शिकवू. अदखलपात्र म्हंजी येन्शी. बांधापायी आमच्या घरात येक साल येन्शीबिगर जात न्हाई. येन्शी म्हंजी मारलं, पर हाडं मोडली न्हाईत.

मी म्हटलं, तसं नाही ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उठून सुनीतीजवळ बसल्या आणि हलकेच विचारलं, बाई, कुठं लागलं हुतं? सुनीतीने कानामागचे केस बाजूला केले. मी ती खूण कधी पाहिली नव्हती. बरीच लांब आहे.

तुळजाबाई म्हणाल्या, पत्रिका ऱ्हाऊ द्या. पोरगी आमी करून घेतो. लगीन मेमधी. मी म्हटलं, थांबा, निर्णय मी घेणार. मी पुढे झालो. जयसिंग उठला. पहिल्यांदाच बोलला. बसा, म्हणाला. हात लावला नाही, आवाज चढवला नाही. मी बसलो. ओसरीवर कुणीतरी माझ्यापुढे पाणी ठेवलं.

परत येताना टॅक्सीत बरंच काही बोलायचं होतं. नीरजा आणि सुनीती मागे बसल्या होत्या, हातात हात घालून. मी पुढे.

१२ मे, रविवार, संध्याकाळ
लग्न झालं. घरी एकटाच आहे. सुनीती तिकडेच थांबली. काही दिवस, म्हणाली. किती ते विचारायचं राहिलं.

माझी बडदास्त चांगली ठेवली होती. डावीकडे गेनबा, उजवीकडे तालमीतला एक संभाजी म्हणून. दोघं क्षणभरही हलले नाहीत. उठू लागलो की गेनबा म्हणायचे, तुमी फकस्त बसा पावनं, काय लागंल ते हितं येईल. जिलबी खूप वाढली. कन्यादान सुनीतीने भावाबरोबर केलं. माझ्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून असेल.

निघताना नीरजा पाया पडायला आली. खाली वाकली. मी आशीर्वाद द्यायला हात वर केला.

तिने झटकन मान वळवली आणि कोपर तोंडावर धरलं. हिरव्या चुड्याने भरलेला हात. तशीच थांबली, डोळे मिटून. जयसिंग पुढे आला. बँडवाले वाजवत होते, जवळपासची माणसं वळून बघत होती.

माझा हात वरच राहिला होता. सुनीतीने तो धरून खाली घेतला. मी तिला म्हटलं, अगं, आशीर्वाद देत होतो.

ती म्हणाली, हो, पण ते तिला कसं कळणार?