पूजा उठलेली नाही

२७ ऑगस्ट, बुधवार

पन्नास टक्के! आजपासून लागू!

इकडे गणपती पाटावर बसतोय आणि तिकडे भारताच्या मालावर अमेरिकेचा पन्नास टक्के कर. आरती चालू असताना माझा फोन थरथरत होता. कंपनीच्या ग्रुपवर मालकांचा, म्हणजे अजिंक्य सरांचा मेसेज – "ही सरळ सरळ दादागिरी आहे!!" खाली सगळ्यांचे अंगठे. मीही टाकला. आमचे पंपाचे भाग निम्म्याहून जास्त तिकडेच जातात, राग येणार नाही तर काय!

ज्योतीराम (नवऱ्याचं नाव इथे लिहायला कुणाची भीती?) मोदक खाता खाता म्हणाला, "बळी तो कान पिळी. त्यांचा बाजार, त्यांचा कर. आपण नाही लावत बाहेरच्या मालावर?"

लावतो. पण रशियाचं तेल घेतलं म्हणून दंड? शेजाऱ्याने तेल कुणाच्या दुकानातून आणायचं, हे आपण नाही ठरवत. तो म्हणाला, ताकद असती तर ठरवलं असतं. यावर मी त्याला दुसरा मोदक दिला नाही.

३० ऑगस्ट

अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचा मेल आला. कराचा अर्धा भार तुम्ही उचला. जमत नसेल तर आमच्याकडे दुसरे लोक रांगेत आहेत. शेवटी "आपल्या दीर्घ संबंधांचा आम्हाला आदर आहे." आदर म्हणे!

सरांनी मीटिंगमध्ये मेल मोठ्याने वाचला आणि टेबलावर मूठ आपटली. "इतकी वर्षं माल देतोय, एक तक्रार नाही. झुकायचं नाही, मॅडम!" माझ्या अंगावर काटा आला. खरेदी विभागात बसून बसून रेटच्या बाहेरचं काही ऐकलं नव्हतं कधी. आज ऐकलं आणि बरं वाटलं.

२ सप्टेंबर

झुकलो.

सरांनी अर्धा भार कबूल केला. आणि तो वसूल करायचा आमच्या लहान व्हेंडरांकडून – पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन मशीन टाकून आम्हाला सुटे भाग करून देणारी ही माणसं. त्यांना मेल टाकायचा – रेट उतरवा, नाहीतर काम बंद. मी विचारलं, कुठल्या शब्दांत?

"अमेरिकेचा मेल आहे ना? तोच घ्या. नावं बदला."

घेतला. नावं बदलली. पाठवला. चहा निवायच्या आत काम झालं. "दीर्घ संबंधांचा आदर" सुद्धा तसाच ठेवला!

५ सप्टेंबर

नवनाथ आला होता. आळंदी रस्त्याला शेड, तीन लेथ. दोन हा चालवतो, एक भाऊ, आणि माल तपासायला बायको. पंपात बसणारे आमचे सगळे बुश त्याच्याकडून येतात. नेहमी गेटवरूनच "ताई, चहा सांगा" म्हणत येतो. आज गप्प येऊन बसला.

"ताई, अमेरिकेसोबत संसार तुमचा. हुंडा आम्ही का म्हणून द्यायचा?"

मी हसले. तो हसला नाही.

"या रेटनं दिवाळीला शेड बंद करावं लागतंय बघा. मशीन भंगारात घालू का?" मग उठताना, हळूच – "तुम्ही तर आपल्या लातूरकडच्या."

त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं.

६ सप्टेंबर

गणपती गेले. ओरडून ओरडून घसा बसला. राग काही बसला नाही.

१८ सप्टेंबर

कँटीनमध्ये आज पुन्हा अमेरिकेचा उद्धार. रोजचंच झालंय. वाटाण्याच्या उसळीबरोबर महासत्ता तोंडी लावायला! सर पण आमच्यातच बसले होते. मी म्हटलं, "आणि आपण काय केलं?"

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा धंदा आहे. भावनेने चालत नाही."

हेच! हेच तो तिकडचा साहेबही म्हणत असणार त्याच्या कँटीनमध्ये!

दिवसभर डोक्यात तेच. नुसता कर लावला म्हणून कुणी दादा होत नाही. समोरच्याला दुसरी वाट नाही हे ओळखून "घे, नाहीतर चालता हो" म्हणतो तो दादा. अमेरिका तेच करतेय, त्यात मला शंका नाही. ज्योतीराम काहीही म्हणो. पण वरून बसलेली थप्पड आपण लगेच खाली कुणाच्या तरी गालावर देतो आणि मग दोन्ही हात मोकळे करून निषेध करतो. याची मला लाज वाटते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज जे झालं ते नीट लिहिते.

आज मशीनची पूजा. पूजा मांडली की ती उठेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही – इथे लहानातलं लहान शेडही हे पाळतं. आमच्याकडे पूजा मांडायचा मान मंजुळाबाईंचा. सरांच्या आई. कंपनी त्यांच्याच शेतावर उभी आहे. नऊवारी, हातात हळदकुंकवाचा करंडा, एकेका मशीनला झेंडूची माळ. आणि दरवर्षी त्यांच्या हातच्या बुंदीच्या लाडवांचे डबे प्रत्येक व्हेंडरला जातात.

आज सगळे डबे परत आले.

टेम्पोवाला म्हणाला, कुणी घेतलाच नाही. नवनाथने तर डब्याला नमस्कार केला आणि तसाच परत दिला. मंजुळाबाई थेट माझ्याकडे आल्या. "पोरी, परसाद कुनी माघारी धाडतं व्हय? काय केलंसा तुमी त्या लोकांचं?"

सर मागेच उभे होते. डोळ्यांनी सांगत होते – गप्प. घराचा हप्ता, लेकीच्या, दिव्याच्या कॉलेजची फी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

सांगितलं. सगळं सांगितलं. अमेरिकेने आपल्याला जे केलं तेच आपण त्यांना केलं, आणि मेल मी लिहिला, तेही सांगितलं.

म्हातारी लेकाकडे वळली. "आपलं बाकीचं रान घ्यायला दलाल आलं तवा आसंच बोलायचं. दे, न्हाई तर बस बोंबलत. तुझा बाप जेवला न्हाई तीन दिस." मग माळा घातलेल्या मशीनकडे हात करून म्हणाली, "ही पूजा म्या मांडलीया. मीच उठवीन. तवर कुनी बटन दाबायचं न्हाई!"

२ ऑक्टोबर

दसरा. सरांचा मेसेज – "उद्या आल्या आल्या मला भेटा."

ज्योतीरामने आपट्याची पानं हातात दिली. "नोकरी गेली तर?" गेली तर गेली! यावेळी तो बळी तो कान पिळी म्हणाला नाही.

३ ऑक्टोबर

सर भेटलेच नाहीत. शॉपफ्लोअरवर सगळी मशीन माळा घालून गप्प. कामगार पेपर वाचतायत. मधोमध खुर्ची टाकून मंजुळाबाई मेथी निवडतायत! अमेरिकेचा कंटेनर भरायचा राहिलाय. दुपारी सर त्यांच्यापुढे उकिडवे बसून काहीतरी बोलत होते. त्या नुसती मान हलवत होत्या. नाही.

४ ऑक्टोबर

नवनाथचा फोन. सर स्वतः शेडवर गेले होते. लाडवांचा डबा घेऊन! जुनाच रेट म्हणाले, चहा प्यायले, बाकीच्यांकडेही जाऊन आले. "घेतला परसाद, ताई." मागे लेथचा आवाज येत होता, इतका गोड वाटला म्हणून सांगू!

मी धावत मंजुळाबाईंना सांगायला गेले. त्यांनी मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या.

"ह्ये खालचं मिटलं. आन् वरचं, त्या अमेरिकेचं?"

आमच्या मशीनवरचा झेंडू सुकायला लागलाय.

६ ऑक्टोबर, सोमवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, संपलं.

"अमेरिकेला मेल टाका. कराचा भार आपण उचलणार नाही. माल हवा असेल तर आधी ते कबूल करा म्हणावं."

मी विचारलं, माल का थांबलाय, कारण काय लिहू?

काचेतून खाली बघत म्हणाले, "खरं तेच लिहा. पूजा अजून उठलेली नाही."